गोळी किती वाजता घेतली? कंपवाताची औषधं नव्यानं सुरू झालेल्या घरांसाठी

अण्णांच्या औषधाची पहिली चिठ्ठी घेऊन मेडिकलसमोर उभा होतो, तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की आजार कंपवात आहे, डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात आणि गोळी दिवसातून तीनदा द्यायची आहे. त्याला आता नऊ वर्षं झाली. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. मी शाळेत शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला किती गोळ्या लागतील हे मी सांगणार नाही. ते तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांचं काम. पण गोळी घरात आल्यावर पुढं काय काय होतं, हे दवाखान्याच्या दहा मिनिटांत कुणी समजावून सांगत नाही. ते इथं लिहितो.

या आजारात ‘किती’ला जेवढी किंमत, तेवढीच ‘केव्हा’ला. औषधाचा गुण आणि औषधाचा त्रास दोन्ही घड्याळाला बांधलेले असतात. म्हणून आजच शंभर पानी वही आणा. ती कशाला, ते पुढं येईल.

पायरी पहिली: आधी जुन्या गोळ्यांची पिशवी उलटी करा

कंपवात रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. डॉक्टर हात फिरवून बघतात, बोटं आपटायला लावतात, चालवून बघतात आणि त्यावरून निदान करतात. एमआरआय सांगितला तर तो बहुधा दुसरं काही नाही ना, हे बघायला. आणि हे दुसरं काही कधीकधी आपल्याच घरातल्या पिशवीत असतं.

काही औषधं मेंदूतल्या डोपामिनची, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाची, वाट अडवतात आणि हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं उभी करतात. गॅसच्या कॅप्सूलमध्ये ॲसिडिटीच्या औषधासोबत घातलेलं लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. गावाकडं ‘गॅस’ आणि ‘चक्कर’ या दोन तक्रारींवर या गोळ्या सर्रास मिळतात आणि महिनोन्महिने चालू राहतात.

आमच्याकडं हेच झालं होतं. पोट फुगतं म्हणून कुणीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली कॅप्सूल अण्णा आठ महिने घेत होते. मेडिकलवाला देत होता, आम्ही आणत होतो. मेंदूच्या डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि सगळ्यात आधी ती कॅप्सूल बाजूला काढली. दोन महिन्यांत थरथर निम्म्यावर आली. डाव्या हाताची मात्र राहिली, म्हणजे मूळ आजारही होताच. ज्यांना फक्त औषधामुळं त्रास झालेला असतो, त्यांची लक्षणं औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरू शकतात. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नका. ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

पिशवीत आयुर्वेदिक चूर्णं असतील तर तीही दाखवा. खाजकुयलीच्या बियांत (कवचबीज) लेव्होडोपा असतोच, म्हणजे कंपवाताच्या मुख्य गोळीत जो पदार्थ आहे तोच. त्यामुळं कवचबीजाचं चूर्ण हे ‘निरुपद्रवी झाडपाला’ नाही. कुठल्या पुडीत तो किती, याचा नेम नसतो, आणि गोळीवर चूर्ण चढवलं की डोस नकळत वाढतो.

पायरी दुसरी: गोळीकडून काय मागायचं

मेंदूच्या बुंध्याशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू मरतात, आणि निम्म्याहून जास्त गेल्यावरच हात थरथरायला किंवा पाय घासायला लागतो. डोपामिनच गोळीतून द्यावं म्हटलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. १९६० च्या दशकात हे औषध हाती आलं. इतकी वर्षं लोटली तरी त्याच्याइतका गुण देणारी दुसरी गोळी नाही.

गुण दिसतो तो मंदपणावर आणि ताठरपणावर. पहिल्या काही आठवड्यांनंतर एका सकाळी अण्णांनी सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. आई चुलीपाशी बसून नुसती बघत राहिली. त्याआधी वर्षभर हरिपाठाला बसले की त्यांचे टाळ आवाजच करत नसत. हात हलायचा, पण टाळ टाळाला भिडायचा नाही. तो आवाज परत आला.

थरथर कमी होते, पण दर माणसात सारखी नाही. काहींची हट्टीच असते. तोल जाणं, गिळायला अडकणं, आवाज बारीक होणं, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा यांवर गोळीचा जोर फारसा चालत नाही. ‘गोळी चालू आहे तरी बाबा पडतात’ ही तक्रार घेऊन डोस वाढवायला जाण्याआधी हे ध्यानात ठेवा. त्यासाठी फिजिओथेरपी आणि रोजचं चालणं लागतं. आजार मुळापासून जात नाही, पण दिवस परत मिळतात.

आता गावोगाव फिरणारी एक भीती. ‘ही गोळी पाचच वर्षं चालते, म्हणून जेवढी उशिरा सुरू कराल तेवढं बरं.’ आम्हालाही दोघातिघांनी सांगितलं. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिला, निम्म्यांना ४० आठवडे नुसती साखरेसारखी गोळी आणि मग लेव्होडोपा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. लवकर घेतल्यानं आजार थोपला नाही आणि बिघडलाही नाही. मग ज्या माणसाला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, त्याला वाट कशाची बघायला लावायची?

पाच वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. ती समजायला हौद डोळ्यासमोर आणा. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात मोठा हौद असला की पाणी कधी आलं हे घरात कुणाला आठवतही नाही. सुरुवातीला मेंदूत उरलेल्या पेशी असाच हौद असतात. गोळीतून आलेलं डोपामिन साठवतात आणि दिवसभर पुरवतात. पुढं पेशी कमी होत जातात, हौद लहान होतो, आणि माणूस टँकर ते टँकर जगायला लागतो. रक्तातला लेव्होडोपा दीड तासात निम्म्यावर येतो. म्हणजे टँकर बिघडलेला नसतो, हौद आटलेला असतो.

पायरी तिसरी: पाकिटावरचा आकडा वाचा

लेव्होडोपाच्या गोळीत दुसरं एक औषध असतंच, आपल्याकडं बहुधा कार्बिडोपा. लेव्होडोपाचं मेंदूच्या बाहेरच डोपामिन होऊ नये म्हणून तो पहारा देतो. मेंदूबाहेर झालेलं डोपामिन मळमळ आणि उलटी आणतं. पाकिटावरचा आकडा म्हणजे या दोघांची बेरीज. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५.

हे गणित कामाचं आहे. पहाऱ्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतो. ११० च्या तीन गोळ्यांत तो भरतो फक्त ३०. १२५ च्या तीन गोळ्यांत लेव्होडोपा तेवढाच, पण कार्बिडोपा ७५. गोळी सुरू केल्यावर मळमळून जीव नकोसा होत असेल तर ‘औषध सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकू नका. डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या प्रमाणाची गोळी चालेल का? अर्ध्या गोळीपासून हळूहळू चढत गेलं तरी ही मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत जाते. उलटीसाठी औषध लागलंच तर पहिल्या पायरीतलं मेटोक्लोप्रामाइड नको. डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोन देतात, तेही हृदयाचा आजार आहे का ते विचारून.

मेडिकलमधून बदली पाकीट घेताना कंपनी बदलली तर एक वेळ चालेल, पण आकडा बदललेला चालणार नाही. आणि पाकिटावर ‘सीआर’ लिहिलेलं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते. ती चावायची किंवा कुटायची नाही.

लघवी, घाम, लाळ गडद रंगाची दिसली तर घाबरू नका. ते गोळीमुळं होतं. पांढऱ्या धोतरावर मात्र डाग पडतात.

पायरी चौथी: घड्याळ आणि ताट

लेव्होडोपा लहान आतड्यातून रक्तात शिरतो, आणि शिरतो त्याच दारातून ज्यातून जेवणातली प्रथिनं शिरतात. दोन्ही एकदम आली की गर्दी होते आणि गोळी मागं राहते. म्हणून नेम असा की गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पेलाभर पाण्यासोबत.

आपल्या ताटात प्रथिनं कुठं असतात? वरणात, पिठल्यात, दुधात, दह्यात, अंड्यात, मटणात आणि आपल्याकडं ज्याचा हिशोबच धरत नाहीत त्या शेंगदाण्यात. अण्णांची सकाळची दुसरी गोळी गुणच देत नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवायचं म्हटलं. त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की अकराला शेतातून आल्यावर ते भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेतात, वर वाटीभर दही, आणि लगेच हात धुऊन गोळी. गोळी साडेदहाला नेली, डोस होता तोच राहिला.

सकाळची पहिली गोळी सगळ्यात मोलाची, कारण रात्रभराचा ताठरपणा तीच सोडवते. आमच्याकडं ती सहाला, अंथरुणातच, पाण्यासोबत. दुधाचा चहा पावणेसातला. पहिल्या महिन्यात अण्णा वैतागायचे, ‘चहाबिगर गोळी उतरत न्हाई रे घशाखाली.’ आता स्वतःच घड्याळ बघतात.

उपाशीपोटी मळमळत असेल तर मूठभर मुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या चालतात, त्यात प्रथिनं थोडी. लोहाच्या गोळीत आणि या गोळीत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. पण वाचून उत्साहानं वरण-दूध बंद करू नका. या आजारात वजन आधीच घटतं. ज्यांचा गुण मध्येच जातो-येतो त्यांनी प्रथिनं दुपारऐवजी रात्रीच्या जेवणात जास्त घ्यावीत, एवढंच. आजार नवा असेल आणि गोळी दिवसभर पुरत असेल तर इतका काटेकोरपणा लागतही नाही. बद्धकोष्ठ मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. पोट तुंबलं की गोळीही वाटेत अडकते.

पायरी पाचवी: वही

पानावर चार रकाने आखा. गोळी किती वाजता, लागली किती वाजता, उतरली किती वाजता, आणि त्या वेळी काय दिसलं. ‘लागली’ आणि ‘उतरली’ हे आमच्या घरातले शब्द. डॉक्टर ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. दवाखान्यात जाण्याआधीचे तीन दिवस जरी नीट लिहिले तरी पुरतं.

आमच्या वहीतलं एक पान असं: ‘६.०० गोळी. ६.४० लागली, स्वतः उठले. ९.१५ उतरली, उंबऱ्यात पाय चिकटले. १०.३० गोळी. ११.२० लागली. १२.०० मान आणि खांदा वळवळतोय, त्यांना त्रास नाही.’

यात दोन वेगळे प्रकार आहेत, आणि नव्या माणसाची गफलत नेमकी इथंच होते. सव्वानऊला पाय चिकटले तेव्हा औषध कमी पडलं होतं. बाराला खांदा वळवळला तेव्हा औषध शिखरावर होतं. पहिल्याला थरथर, ताठरपणा, मंदपणा. दुसरं नाचल्यासारखं, वेडंवाकडं हलणं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ‘हात हलतोय’ असंच वाटतं. वळवळीला थरथर समजून डोस वाढवला की ती दुप्पट होते. वेळ लिहिलेली असली की डॉक्टर क्षणात ओळखतात. मग ते कधी एक मोठा डोस मोडून लहान लहान डोस जवळजवळ देतात, कधी दुसरं औषध जोडतात. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून नेला तर आणखी बरं, कारण दवाखान्यात नेमका माणूस छान चालतो!

तरुणपणी आजार लागलेल्यांत आणि मोठ्या डोसवर असलेल्यांत ही वळवळ जास्त दिसते. पुष्कळ रुग्णांना तिचं काही वाटत नाही, घरच्यांनाच लाज वाटते. अण्णांना विचारलं तर म्हणतात, ‘खांब व्हऊन बसण्यापरीस हे बरं.’

पायरी सहावी: सोबतच्या गोळ्यांचे स्वभाव

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल डोपामिनची नक्कल करतात. लेव्होडोपापेक्षा गुण थोडा कमी, वळवळही कमी, पण झोप, पायावर सूज आणि भास जास्त. साठी-पासष्टीच्या आतल्या रुग्णांना डॉक्टर त्या आधी देतात. वय झालेल्यांना जपून. यांचा खरा धोका पुढच्या पायरीत आहे.

ट्रायहेक्सिफेनिडिल जुनी आणि स्वस्त, थरथरीवर चालते. पण तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, आणि म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती धूसर होते. सत्तरीतल्या माणसाच्या चिठ्ठीत ती वर्षानुवर्षं चालू असेल आणि ‘आजोबा अलीकडं बावचळलेत’ असं घरात बोललं जात असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांपुढं मांडाच.

रासाजिलिन आणि सेलेजिलिन डोपामिन लवकर मोडू देत नाहीत. सेलेजिलिन संध्याकाळी घेतली तर झोप उडते. या दोन्हींवर असताना मेडिकलमधून खोकल्याचं औषध किंवा दुखण्याची गोळी आपल्या मनानं घेऊ नका. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि ट्रॅमाडॉल यांच्याशी त्यांचं वाकडं आहे, आणि ते प्रकरण जिवावर बेतू शकतं. काही नैराश्यावरच्या गोळ्यांचंही तसंच.

एन्टाकापोन एकटी काही करत नाही, लेव्होडोपासोबतच घ्यायची, तिनं त्याचा गुण लांबतो. लघवी नारिंगी होते, काहींना जुलाब होतात. अमँटाडिन वळवळीवर कामाची. पायावर जाळीदार जांभळट नक्षी उठली तर ती त्या गोळीचीच.

पायरी सातवी: जे रुग्ण स्वतः सांगत नाही

तिसऱ्या वर्षी अण्णा संध्याकाळी म्हणाले, ‘दारात वासरू उभं हाय, कुणी सोडलं?’ आमच्याकडं तेव्हा वासरू नव्हतं. ते घाबरले नव्हते, आम्ही घाबरलो. कंपवातात असे भास आजारानंही होतात आणि औषधानंही. त्यातही लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवी गोळी यापैकी काही निमित्त असेल तर ते आधी शोधायचं. औषधं कमी करायची वेळ आलीच तर डॉक्टर साधारण ट्रायहेक्सिफेनिडिलपासून सुरुवात करतात आणि लेव्होडोपाला शेवटी हात लावतात. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देऊ देऊ नका, माणूस अक्षरशः गोठतो. अण्णांचं निमित्त मे महिना निघालं. बाहेर ४३ अंश ऊन, आणि लघवीला वारंवार उठावं लागतं म्हणून ते पाणीच पीत नव्हते.

उन्हाळ्यात दुसरी भानगड रक्तदाबाची. आजार आणि गोळ्या मिळून उभं राहताना दाब खाली आणतात. बसून मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. बऱ्याचदा दहा वर्षांपूर्वीची बीपीची गोळी तशीच चालू असते आणि ती कमी करावी लागते. बाजेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, मग उभं राहायचं.

आता सगळ्यात अवघड. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांच्यामुळं काही माणसांचा मनावरचा लगाम सुटतो. जुगार, वारेमाप खरेदी, रात्री उठून खाणं, लैंगिक इच्छा अनावर होणं. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत या गटाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शंभरात सतरा जणांत असं काहीतरी आढळलं. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त कारकुनानं सहा महिन्यांत मोबाइलवरच्या रमीत पेन्शनची बचत घालवली. घरात भांडणं झाली, ‘म्हातारपणी बुद्धी फिरली’ म्हणून झालं. गोळीचा दोष असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. गोळी हळूहळू कमी केल्यावर माणूस पूर्वीसारखा झाला. रुग्ण लाजेपायी हे सांगत नाही, म्हणून बायकोनं किंवा मुलानं थेट विचारायचं, आणि गोळी सुरू होते त्याच दिवशी विचारून ठेवायचं. याच गोळ्यांनी कधी बसल्या बसल्या एकाएकी झोप लागते. ज्याला ती लागते त्यानं मोटारसायकल आणि ट्रॅक्टर सोडायचा, यात तडजोड नाही.

पायरी आठवी: गोळी चुकते ते दिवस

एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. आणि कितीही त्रास वाटला तरी सगळं औषध एका दिवसात बंद करू नका. तसं केल्यानं जोराचा ताप, लाकडासारखं ताठरलेलं अंग, बेशुद्धी अशी अवस्था येऊ शकते आणि माणूस दगावू शकतो.

एकादशीला अण्णा निर्जळी करायचे. आता गोळी आणि पाणी उपवासात मोजत नाहीत. गावातल्या महाराजांनीच तसं सांगितलं, माझं त्यांनी ऐकलं नसतं. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट असतं हे मात्र विसरू नका.

खर्चाचं म्हणाल तर जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. लातूर, नांदेड, अंबाजोगाईची शासकीय रुग्णालयं आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथं दाखवता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, त्यामुळं प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

गेल्या वर्षी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारलं, त्यांनी घोटभर पाण्यासोबत सकाळची गोळी द्यायला सांगितलं. तसं झालंही. दुसऱ्या दिवशी मात्र वॉर्डात सहाची गोळी आठच्या फेरीला आली. सिस्टर म्हणाल्या, ‘दोन तासांनी काय बिघडतं, काका?’ मी काही बोललो नाही, वहीतून फाडलेलं पान त्यांच्या हातात दिलं. सव्वाआठला त्या परत आल्या तेव्हा अण्णांच्या हातातला कप तोंडापर्यंत जात नव्हता, चहा चादरीवर सांडला होता. त्यांनी कप धरला, पान फाइलला चिकटवलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘पार्किन्सन्स. गोळी ६, १०.३०, २.३०, ६.३०. दहा मिनिटांपेक्षा उशीर नको. मेटोक्लोप्रामाइड, हॅलोपेरिडॉल देऊ नये. मुलाचा फोन मागं.’ तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला पाच कमी असताना पडदा सरकला.